मुलांसाठी टॅब घेताना

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय तसा घरगुती आहे. दहावीचा निकाल लागला किंवा जून महिना जवळ आला की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या नामांकित कंपनीचा टॅब, जो एके काळी पन्नास-साठ हजारांना मिळत होता, तो आज वापरलेल्या स्थितीत पंधरा-अठरा हजारांत मिळतो. तेवढ्याच किंवा त्याहून थोड्या कमी पैशांत साध्या श्रेणीचा नवाकोरा टॅबही मिळतो. यांपैकी कोणता घ्यावा? कोणाच्या घरी आखातातला मामू आपला जुना टॅब पाठवायला तयार असतो, तर कोणाचा भाऊ म्हणतो, "जुने नको, नवेच घ्या." घरात वाद होतो, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते.

आपल्यापैकी बहुतेकांची मिळकत रोजच्या धंद्यावर किंवा महिन्याच्या पगारावर आहे. कोणाचे गॅरेज आहे, कोणाची फळांची गाडी आहे, कोणी शिलाईकाम करतो, कोणी एमआयडीसीत नोकरीला आहे. अशा घरात पंधरा हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. ती एकदाच खर्च होते. चुकीच्या वस्तूवर गेली तर पुढची तीन-चार वर्षे दुसरी घेता येत नाही, आणि त्या वर्षांत मुलांचे शिक्षण थांबून राहत नाही.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा कित्येक घरांत एकच मोबाइल होता आणि तो अब्बांच्या खिशात बाहेर जात होता. त्याचा तोटा कोणाला अधिक झाला, हे आपण सर्व जाणतो. २०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्केच होते. टॅब खिशात मावत नाही, तो घरातच राहतो. म्हणून घरातील मुलीच्या हाती अभ्यासाचे साधन येण्याची शक्यता टॅबमुळे अधिक असते. तो चांगला निवडला जावा, असे मला वाटते त्याचे हे पहिले कारण आहे.

आता थोडा इतिहास पाहू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेले मौलाना अबुल कलाम आझाद १९४५ पर्यंत आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले, आणि ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. २०१२ साली याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' या स्वस्त टॅबचे प्रकाशन झाले. विद्यार्थ्याला परवडेल असा टॅब देशातच तयार व्हावा, हा त्यामागचा हेतू मोठा होता.

त्याच्या वर्षभर आधी, ५ ऑक्टोबर २०११ रोजी, पहिला 'आकाश' आला होता. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. पण त्याची स्मृती, म्हणजे रॅम, २५६ एमबी होती, प्रोसेसर मंद होता, आणि पडदा अशा प्रकारचा होता की बोट नुसते टेकवून भागत नसे, दाबावे लागे. वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत रॅम दुप्पट करावी लागली, पडदाही बदलावा लागला. स्वस्त वस्तू घेण्यात काही वाईट नाही. पण गरजेपेक्षा दुबळी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

आता दुसरी बाजू पाहा. ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड २०१० साली अमेरिकेत आला आणि २०११ च्या जानेवारीत भारतात विक्रीला आला. तो 'आकाश'पेक्षा कितीतरी पटींनी महाग होता. त्याची बांधणी सुरेख होती, पडदा सुंदर होता, नाव जगभर होते. तरीही मे २०१२ नंतर त्याला कंपनीकडून नवी प्रणाली मिळाली नाही. यंत्र धडधाकट होते, पण नवी ॲप्स त्यावर चालेनाशी झाली. म्हणजे पहिला स्वस्त टॅब दुबळेपणामुळे मागे पडला आणि पहिला महागडा टॅब प्रणाली थांबल्यामुळे. आपला आजचा प्रश्न या दोन उदाहरणांच्या मध्येच आहे.

घोडेगावच्या बाजारात जनावर घेताना आपण आधी दात पाहतो, कारण दातांवरून वय कळते. विकणारा म्हणतो, "मी परवाच घेतले आहे," पण त्याने जनावराचे वय कमी होत नाही. टॅबचेही तसेच आहे. त्याचे वय तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजू नका. ते मॉडेल बाजारात प्रथम आले त्या वर्षापासून मोजा. सॅमसंगचा टॅब एस-६ हा २०१९ सालचा उंची टॅब. तो अँड्रॉइड ९ घेऊन आला आणि अँड्रॉइड १२ वर थांबला. २०१७ चा साडेदहा इंची आयपॅड प्रो त्या काळी फार महाग होता. २०२४ ची आयपॅड-ओएस १८ त्याला मिळाली नाही. सात वर्षे हा काळ कमी नाही. परंतु ती सात वर्षे पहिल्या मालकाची होती. सहाव्या वर्षी जो विकत घेतो त्याच्या वाट्याला एकच वर्ष उरते.

प्रणाली थांबली म्हणजे टॅब त्याच दिवशी बंद पडतो, असे नाही. पुस्तके वाचता येतात, आधी साठवलेले व्हिडिओ पाहता येतात. पण सुरक्षेची डागडुजी थांबते, आणि हळूहळू एकेक ॲप म्हणू लागते की ही प्रणाली जुनी आहे. कुलूप गंजलेल्या घरात राहता येते, पण मौल्यवान वस्तू तिथे कोणी ठेवत नाही. अशा टॅबवर बँकेचा व्यवहार तर कधीच करू नये.

यावरून एक साधा हिशेब निघतो. किंमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. समजा, जुना नामांकित टॅब १८,००० रुपयांना आहे आणि त्याची दोन वर्षे उरली आहेत. म्हणजे वर्षाला ९,००० रुपये. समजा, नवा साधा टॅब १४,००० रुपयांना आहे आणि तो चार वर्षे चालणार आहे. म्हणजे वर्षाला ३,५०० रुपये. जुन्याची चार वर्षे उरली असतील तर त्याचा हिशेब ४,५०० वर येतो, आणि मग चांगल्या पडद्यासाठी वर्षाला हजार रुपये जास्त द्यायचे की नाही, एवढाच विचार राहतो. नाव कोणाचे, रंग कोणता, शेजाऱ्याकडे कोणता आहे, हे सगळे या हिशेबानंतर.

जुन्या उंची टॅबचे गुण मी नाकारत नाही. त्याचा पडदा डोळ्यांना बरा वाटतो, आवाज स्वच्छ असतो, प्रोसेसर दमदार असतो. विशेष म्हणजे त्यावर खऱ्या अर्थाने लिहिता येते. सॅमसंगच्या एस मालिकेतील पेन किंवा ॲपलची पेन्सिल हाताचा दाब ओळखते. साध्या टॅबबरोबर मिळणारे रबरी टोकाचे पेन बोटासारखेच काम करते. त्याने आकृती काढणे कठीण जाते. चित्रकला, वास्तुशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

त्याचा मोठा दोष बॅटरीचा. लिथियमची बॅटरी वापरली तरी झिजते आणि पडून राहिली तरी थोडी झिजतेच. आयपॅडची बॅटरी पूर्ण १,००० वेळा चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहावी अशी तिची रचना असल्याचे कंपनी सांगते. ती बदलायची तर बहुधा चिकटवलेला पडदा उघडावा लागतो. म्हणून घेण्यापूर्वीच विचारा : बॅटरी आपल्या शहरात बदलून मिळेल का, आणि किती रुपयांत? परदेशातून आलेल्या टॅबची हमी इथे चालते का, हेही विचारा.

नव्या साध्या टॅबचे गुण म्हणजे पावती, हमी आणि ताजी बॅटरी. त्याचा दोष बहुधा स्मृतीत असतो. आज ४ जीबीपेक्षा कमी रॅम आणि ६४ जीबीपेक्षा कमी साठवण असलेला टॅब अभ्यासासाठी घेऊ नये. जाहिरातीत "४ अधिक ४, म्हणजे ८ जीबी" असे लिहिलेले दिसते. त्यातील दुसरे चार साठवणीतून उसने घेतलेले असतात आणि ते खऱ्या रॅमइतक्या वेगाने काम करत नाहीत. अगदीच अनोळखी नावाचा टॅब असेल तर त्यावर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. टॅबना ही नोंदणी सक्तीची आहे.

कापडबाजारात कापड घेताना आपण काठ पाहतो, सूत पाहतो, घडी उलगडून उजेडात धरतो. टॅब घेतानाही घाई करू नका. या पाच गोष्टी दुकानातच करा.

एक, सेटिंगमध्ये जाऊन मॉडेलचे नाव, प्रणालीची आवृत्ती आणि सुरक्षा अद्ययावत केल्याची शेवटची तारीख पाहा. ती तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल तर टॅब खाली ठेवा.

दोन, बालभारतीचे विज्ञानाचे पुस्तक पीडीएफ स्वरूपात उघडा. मराठी, उर्दू, इंग्रजी, जे तुमच्या मुलाचे माध्यम असेल ते घ्या. चित्रांची पाने भराभर उलटा आणि अक्षरे मोठी करून पाहा. टॅब इथेच अडखळला तर पुढे सुधारणार नाही.

तीन, 'दीक्षा' ॲप उतरवून घ्या आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड त्याच्या कॅमेऱ्याने वाचून पाहा.

चार, वापरलेला टॅब असेल तर जुन्या मालकाचे गुगल किंवा ॲपल खाते तुमच्यासमोर काढायला लावा. ते राहिले तर टॅब एक दिवस कुलूपबंद होईल आणि तो उघडणे तुमच्या हाती नसेल.

पाच, सिमकार्डाचा टॅब असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक शासनाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तपासा. चोरीची वस्तू स्वस्तात घेणे हा सौदा नव्हे, संकट आहे. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

आता कोणी विचारेल, "एवढे सांगितले, पण घ्यावा कोणता?" माझे मत स्पष्ट आहे. मूल आठवी-नववीत असेल आणि टॅब बारावीपर्यंत पुरवायचा असेल, तर चांगल्या कंपनीचा, ४ जीबी किंवा अधिक रॅमचा, नवा साधा टॅब घ्यावा. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात असेल, लिहिण्याचे किंवा आकृत्यांचे काम रोजचे असेल आणि टॅबची निदान तीन वर्षे उरली असतील, तर ओळखीच्या दुकानातून पावतीसह जुना उंची टॅब घ्यायला हरकत नाही. ज्याची प्रणाली थांबली आहे तो मात्र नाव कितीही मोठे असले तरी विकत घेऊ नये. मामूने प्रेमाने पाठवला तर जरूर घ्यावा, धाकट्यांना वाचनासाठी द्यावा, आणि विकत घेण्याचे पैसे जपून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. नागपूरची 'महाज्योती' ही शासकीय संस्था इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील, नॉन-क्रीमीलेअर गटातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब व इंटरनेट डाटा देत आली आहे. आपल्या समाजातील तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशी अनेक घरे या प्रवर्गात येतात, पण जातीचा दाखला काढलेला नसतो. दुकानात जाण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात पाहा आणि दाखले वेळेवर तयार ठेवा. संस्थेच्या चालकांनाही माझी विनंती आहे की ग्रंथालयात पुस्तकपेढी असते तशी आठ-दहा टॅबची पेढी सुरू करावी. जुने पण चालणारे टॅब तिथे दान देता येतील, आणि ज्यांना कोणताच टॅब परवडत नाही त्यांची सोय होईल.

शेवटी विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. तुमची दहावी-बारावीची परीक्षा कागदावर होते, नीटचे उत्तरही आजवर कागदावरच द्यावे लागले आहे. टॅबवर समजून घ्या, पण वहीत लिहून काढा. आणि घरी टॅब आला की त्यावर बहिणीची वेळ आधी ठरवा, मग तुमची. अब्बा-अम्मींनी त्यासाठी कोणता खर्च पुढे ढकलला आहे, हे ते तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्ही ते ओळखावे.