घरच्या आजाऱ्याची ड्यूटी
(के. आर. पुरम येथील सभासदांच्या सभेतील भाषण)



बेळगाव-खानापूरकडून नोकरीनिमित्त इकडे आलेले आपले सभासद समोर बसले आहेत. त्यांतल्या एकाची हकीगत सांगतो, नाव सांगत नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला. गावी बघायला कोणी नाही म्हणून त्याने त्यांना इथे क्वार्टरमध्ये आणले. चार महिन्यांत बदलीचा हुकूम आला. रद्द करा म्हणून अर्ज युनियननेच लिहून दिला, दवाखान्याचे कागद जोडले. अर्ज फेटाळला. चूक आमची होती.

कार्मिक विभागाचा 8 ऑक्टोबर 2018 चा आदेश आहे. आईवडील, पती-पत्नी, मुले, भाऊ-बहीण यांपैकी अवलंबून असलेले कोणी दिव्यांग असेल आणि मुख्य देखभाल कर्मचारीच करत असेल, तर नेहमीच्या बदलीतून सूट मिळू शकते. पण दिव्यांगत्व किमान 40 टक्के असल्याचा दाखला लागतो. औषधाची चिठ्ठी चालत नाही. प्रशासकीय अडचण नसेल तरच, अशी मेख त्यात आहेच. पण दाखल्याशिवाय गाडी तिथवरही जात नाही.

आता रजा. भगिनींना 2008 पासून 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. म्हाताऱ्या आईबापांसाठी वेगळी रजा एक दिवसाचीही नाही. जुलै 2025 मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले की 30 दिवस अर्जित, 20 दिवस अर्धपगारी, 8 किरकोळ आणि 2 ऐच्छिक सुट्ट्या त्यासाठी घेता येतात. अहो, ही तर आमचीच रजा! लेकीचे लग्न, गणपती, घराची डागडुजी, सगळे त्यातच. टपालातल्या ग्रामीण डाक सेवकांना तर बालसंगोपन रजाही नाही.

कर्नाटक सरकारने 2024-25 च्या अंदाजपत्रकात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना 1000 रुपये जाहीर केले. एवढ्यात बाई आठवडाभरही येत नाही. तरी सांभाळणे हे काम आहे, एवढे मानले गेले. अर्धांगवायू मात्र त्या यादीत नाही.

कुटुंबाची जबाबदारी असलेल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1981 चा 156 क्रमांकाचा करार आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, आणि आईवडिलांसाठी वेगळी पगारी रजा स्त्री-पुरुष दोघांना मिळावी, असा ठराव आज मांडतो. पुरुषांना का, असे कोणी विचारील. आपल्यापैकी किती जण वडिलांना स्वतः अंघोळ घालतात? ती ड्यूटी घरच्या बायकांवर टाकून आपण शेडमध्ये येतो.

त्या साथीचा दाखला आता आला आहे. दुसरा अर्ज सोमवारी देतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी सभेनंतर शाखा चिटणीसांकडे नाव द्यावे.