चौघांचा प्रोजेक्ट, एकट्याचा कोड

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी एसटीत, कुणी रूमवर भांडी घासत ऐकत असाल. आजचा भाग खास करून इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्या मंडळींसाठी आहे.

झालं असं, की गेल्या आठवड्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. थर्ड इयरला आहे. म्हणाला, "दादा, वेबसाइटचा ग्रुप प्रोजेक्ट आहे. बाकीच्या तिघांना काही येत नाही. मीच करून टाकतो सगळं, चालेल ना?"

मी दोन सेकंद गप्पच बसलो. कारण हेच वाक्य मी स्वतः म्हटलं होतं, थर्ड इयरलाच. आणि त्याचं पुढे काय झालं, ते मला माहीत आहे. तेच आज तुम्हाला सांगतो.

आमचाही चौघांचा ग्रुप होता. विषय लायब्ररीची वेबसाइट. पहिल्याच दिवशी वाटणी झाली. कोड मी करणार. एक मित्र ब्लॅक बुक लिहिणार. एक मैत्रीण पीपीटी करणार. चौथा प्रिंट, बाइंडिंग आणि सरांच्या सह्या बघणार. तुमच्याकडेही असंच चालतं ना? कॉलेज कुठलंही असो, ही वाटणी ठरलेली.

मी रात्र रात्र जागून कोड लिहिला. फ्रंटएंड, बॅकएंड, डेटाबेस, सगळं माझ्या एकाच लॅपटॉपवर. फोल्डरची नावं काय, तर 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल लास्ट'. मित्र एकदा म्हणाला, "मी लॉगिनचं पेज करू का?" मी म्हटलं, "राहू दे रे, तुला समजावण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढ्यात माझं करून होईल." व्हायवा छान झाली. मार्क चांगले मिळाले. मला वाटलं, आपण ग्रुपवर उपकार केले.

मग फायनल इयर. प्लेसमेंट सुरू झाल्या. चौघांच्याही रेझ्युमेवर तोच प्रोजेक्ट. ब्लॅक बुकवाल्या मित्राला इंटरव्ह्यूमध्ये एक साधा प्रश्न आला, "लॉगिनचं बटण दाबल्यावर पुढे काय काय होतं, सांग."

आता याचं उत्तर फार अवघड नाही. ब्राउझर युजरनेम-पासवर्ड सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर डेटाबेसमध्ये तो युजर शोधतो. पासवर्ड तिथे जसाच्या तसा ठेवायचा नसतो, त्याचा हॅश ठेवायचा असतो, तर तो हॅश जुळतोय का ते बघतो. जुळला तर सेशन सुरू होतं, ब्राउझरला कुकी मिळते आणि पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ती कुकी जाते, म्हणून सर्व्हर आपल्याला ओळखतो. त्याने हे सगळं ब्लॅक बुकमध्ये डायग्रामसकट लिहिलं होतं. पण हाताने कधी केलंच नव्हतं. तिसऱ्या वाक्याला अडकला.

संध्याकाळी हॉस्टेलवर आला. मी म्हटलं, "अरे, एवढं सोपं होतं, मला विचारायचंस ना." तो शांतपणे म्हणाला, "विचारलं होतं. तू हात लावू दिला नाहीस."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि गंमत बघा, दोन आठवड्यांनी माझा नंबर लागला. मला कोडमधलं सगळं येत होतं. पण त्यांनी विचारलं, "चौघांचा प्रोजेक्ट आहे ना? दुसऱ्याचा कोड आणि तुझा कोड एकत्र कसा केलात? गिट वापरलंत का? काही वाद झाला तर कसा सोडवलात?" मी काय सांगणार? दुसऱ्याचा कोड नव्हताच. माझंही झालं नाही.

तेव्हा पहिल्यांदा कळलं, की सगळं एकट्याने केल्यामुळे मी मित्राचं नुकसान केलं होतंच, पण माझंही केलं होतं. कारण नोकरीत आपण दिवसभर काय करतो? दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचतो, त्यात थोडा बदल करतो आणि काही मोडलं नाही ना ते बघतो. गिट नावाचं टूल लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये बनवलं ते याचसाठी. लिनक्सवर जगभरातून लोक काम करत होते आणि सगळ्यांचे बदल एका जागी नीट आणायचे होते. आम्ही मात्र चौघं एकाच हॉस्टेलमध्ये राहून पेन ड्राइव्हवर चाललो होतो.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी तिघांना बसवलं आणि सरळ माफी मागितली. मग नवीन पद्धत ठरवली. विषय घेतला आमच्याच मेसचा. खाडा माहीत आहे ना? जेवायला येणार नसाल, तर आदल्या दिवशी सांगायचं. काकूंच्या वहीत ते लिहायचं राहायचं आणि महिन्याच्या शेवटी भांडणं. म्हणून खाडा नोंदवायची वेबसाइट.

यावेळी वाटणी फ्रंटएंड-बॅकएंड अशी केली नाही. एकाने 'खाडा लावणं' घ्यायचं, एकीने 'महिन्याचं बिल', एकाने 'लॉगिन', मी 'काकूंचं पान'. ज्याने जे घेतलं, त्याने त्याचं एचटीएमएल पेजही करायचं, सर्व्हरचा कोडही आणि डेटाबेसचा टेबलही. लॉगिन कुणी घेतलं असेल? बरोबर, त्याच मित्राने. हट्टाने.

पहिले तीन आठवडे वैताग होता. मला एका रात्रीत जमलं असतं ते त्याला आठ दिवस लागले. दोघांनी एकच फाइल बदलली आणि पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट आला. फाइलमध्ये बाणांसारख्या खुणा बघून मैत्रिणीला वाटलं, आपण सगळं उडवलं. काही उडालेलं नसतं. गिट फक्त विचारत असतं, "या ओळीचे दोन अवतार आहेत, कुठला ठेवू?" आणि ते ठरवायला दोघांना शेजारी बसून बोलावं लागतं. माझ्या मते खरं शिक्षण तिथे सुरू झालं.

मग आला तारखेचा घोळ. फॉर्ममध्ये तारीख आपल्या पद्धतीने टाइप करायची होती, आधी दिवस, मग महिना. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट तीच तारीख अमेरिकन पद्धतीने वाचत होतं, आधी महिना, मग दिवस. आम्ही टेस्ट केलं 4 एप्रिलला. चार-चार! उलटं वाचलं तरी तेच. सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी 5 एप्रिलचा खाडा लावला, तो गेला 4 मेला. काकूंचा फोन, "अरे, तुझं ताट वाढून ठेवलंय, आहेस कुठे?"

तो बग मी शोधला नाही. लॉगिनवाल्या मित्राने शोधला. माझा कोड वाचताना. मग आम्ही टाइप करायची पेटी काढून एचटीएमएलचा तारखेचा इनपुट लावला. तो स्क्रीनवर कसाही दिसला, तरी पाठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच पाठवतो. घोळ संपला.

तर मामेभावाला मी जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. एक, पानं किंवा लेयर नाही, कामं वाटा, आणि प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत एक काम पूर्ण करू द्या. दोन, पहिल्या दिवशी गिट रेपो उघडा, आणि दुसऱ्याने वाचल्याशिवाय कुणाचाही कोड मुख्य ब्रँचमध्ये जाऊ देऊ नका. तीन, तारीख कशी पाठवायची, फील्डची नावं काय, हे आधी एका कागदावर लिहा. चार, व्हायवाच्या आधी एकमेकांची व्हायवा घ्या, पण स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या भागावर.

आणि तुम्ही ग्रुपमधले ब्लॅक बुकवाले असाल, तर एक भाग मागून घ्या. "राहू दे रे" म्हटलं तरी परत मागा. लहान असला तरी चालेल.

मामेभाऊ म्हणाला, "पण दादा, वेळ लागेल."

लागेल की. आमची वेबसाइट लायब्ररीच्या वेबसाइटपेक्षा साधी झाली, मार्कही दोन कमीच पडले. पण पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये मित्राला परत लॉगिनचा प्रश्न आला. तो म्हणतो, यावेळी त्यांनाच मला थांबवावं लागलं.

तुमच्या ग्रुपमध्ये तुम्ही कोण आहात, कोडवाले की बाइंडिंगवाले, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कोड पुश करायला विसरू नका!