ठरलेल्या वारी येणारं माणूस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात ज्येष्ठ साहाय्य गटाच्या वतीने केलेलं भाषण)



गणपतीच्या दिवसांत आपल्या मंडळात माणसांची वानवा नसते. मांडवाला हात लावायला वीस जण येतात, आरतीचं तबक धरायला रांग लागते, पंगतीत वाढायला तर पोरंपोरी भांडतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या बघायला अख्खं इंदूर जागं असतं. मग मूर्ती जाते, मांडव उतरतो. त्याच आठवड्यात रामबागेतल्या एखाद्या जुन्या घरात किंवा राजेंद्रनगरच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना बँकेत जायचं असतं, आणि जिना उतरताना हात धरायला कोणी नसतं. आमचा गट विसर्जनानंतरच्या त्या दिवसांसाठी आहे. आज त्याच कामाबद्दल बोलायचं आहे.

आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, गृहिणी आहेत, एक निवृत्त परिचारिका आहे आणि कॉलेजात शिकणारी दोन मुलं आहेत. कोणीही पगारी नाही. घरं वाटून घेतलेली आहेत, वार ठरलेले आहेत, आणि एक वही आहे. एवढाच आमचा कारभार.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ज्यांच्याकडे आम्ही जातो त्यांची मुलं वाईट नाहीत. पुण्यात, बंगळुरूला, परदेशात आहेत. पैसे वेळेवर पाठवतात, रोज व्हिडिओ कॉल करतात. पण फोनवर आईचा चेहरा दिसतो, औषधाची पाकिटं दिसत नाहीत. बाबा "मजेत आहे" म्हणतात, पण ते गेले चार दिवस दोन्ही वेळा दूध-पोळीच खातायत हे फोनवर कळत नाही. पूर्वी एका वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडं असायची. एखाद्या घरचं दार सकाळी आठपर्यंत उघडलं नाही, तर समोरची काकू कडी वाजवायची. वाडे गेले, त्या जागी इमारती आल्या, आणि कडी वाजवणारी काकू आता स्वतःच एकटी राहते.

मग आम्ही नेमकं करतो काय? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जातो. ऐकायला हे अगदी साधं वाटेल. पण आमच्या अनुभवात सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. एका काकूंचं उदाहरण सांगतो. पहिला महिनाभर त्या दार अर्धं उघडून बोलायच्या. "सगळं ठीक आहे हो, तुम्ही उगाच त्रास घेता." तिसऱ्या महिन्यात आत बोलावून चहा दिला. पाचव्या महिन्यात औषधांचा डबा समोर ठेवला, तेव्हा कळलं की रक्तदाबाची गोळी त्या अर्धी-अर्धी करून घेत होत्या. मुलाकडे सारखे पैसे कसे मागायचे म्हणून! परिचारिका ताईंनी त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पहिल्याच भेटीत आम्ही डब्याबद्दल विचारलं असतं, तर दार बंद झालं असतं. ज्याच्या पुन्हा येण्याची खात्री नसते, त्याला कोणी आपला डबा दाखवत नाही.

असं भेटायला जाणं आपल्यासाठी नवं नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारलं हे आपण जाणतो. पण त्याच रमाबाई तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना भेटायला नेमाने जात, इस्पितळातल्या रुग्णांकडे फळं, फुलं, पुस्तकं घेऊन जात, हे फारसं सांगितलं जात नाही. संस्था उभी करणं आणि माणसाच्या शेजारी जाऊन बसणं, ही दोन्ही कामं त्या करत होत्या. आमच्यासारख्यांना दुसरं तरी नक्की जमण्यासारखं आहे.

शेजारी बसता बसता कामं निघतात. त्यातली काही सांगतो, कारण ती इथल्या बऱ्याच घरांना उपयोगी पडतील.

पहिलं, हयातीचा दाखला. निवृत्तिवेतन चालू राहायचं तर दरवर्षी नोव्हेंबरात तो द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. वयामुळे बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. माणूस समोर जिवंत बसलेला, आणि यंत्र म्हणतं जुळत नाही! २०२१पासून 'जीवन प्रमाण'मध्ये चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, आणि ते काम घरी बसून अँड्रॉइड फोनवर होतं. गेल्या दिवाळीनंतर आमच्यातल्या कॉलेजच्या मुलांनी हेच काम केलं. खिडकीजवळ उजेडात खुर्ची ठेवायची, चष्मा काढायला सांगायचं आणि घाई करायची नाही.

दुसरं, आयुष्मान कार्ड. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीपासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. एका घरात असे दोघं असतील, तर रक्कम दोघांत मिळून आहे. "ते गरिबांसाठी असतं" असं म्हणून आपल्यातले पुष्कळ जण कार्ड काढतच नाहीत. कार्ड आधारवर निघतं. आजारपण आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवा.

तिसरं, फोनवरची फसवणूक. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओवर येतो, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणतो, आणि दार लावून बसायला सांगतो. आपल्या कायद्यात अशी अटक मुळात नाही. फोन ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. याशिवाय ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत मदतवाहिनी आहे. हे दोन्ही क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घरात फोनच्या वर चिकटवले आहेत.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. काही घरांत पैशाचा नाही, वागणुकीचा प्रश्न असतो. २००७च्या कायद्याने आई-वडिलांना आणि ज्येष्ठांना निर्वाहाचा हक्क दिला आहे. त्यासाठी न्यायाधिकरण आहे, तिथे वकील लागत नाही, आणि ज्येष्ठ व्यक्तीला स्वतःला जमत नसेल, तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर दुसऱ्याच्या नावे केलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेण्याची सोयही त्या कायद्यात आहे. म्हणून बक्षीसपत्रावर सही करण्याआधी ती अट कागदावर आहे का, ते वकिलाकडून बघून घ्या. तोंडी शब्दावर घर देऊ नका, समोरचा कितीही जवळचा असला तरी.

हे सगळं आम्ही एका आजोबांना समजावून सांगितलं. पुतण्याने घर लिहून घेतलं होतं आणि आजोबांची खाट मागच्या पडवीत गेली होती. आमच्यातले दोघे-तिघे अर्ज करायलाच निघाले होते. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको. माझ्या भावाचा मुलगा आहे तो. मला फक्त पंखा हवाय, आणि कोणीतरी रोज एकदा मला नावाने हाक मारावी." त्यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: पंखा बसवायचा, पुतण्याशी आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी बोलायचं, फेरी आठवड्यातून एकदाऐवजी रोज करायची, आणि अर्जाचा कागद भरून तयार ठेवायचा. सही करायची की नाही, हे आजोबा ठरवतील. ज्याला मदत करायची त्याचा निर्णय आपण घेऊन टाकला, तर पडवीत टाकणाऱ्यात आणि आपल्यात फरक तो किती राहतो? कागद अजून आमच्या वहीत आहे. आता पुतण्याची बायको सकाळचा चहा स्वतः नेऊन देते. पुढे काय होईल, ते बघू.

इंदूरमध्ये राहणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती भाषेची. आपल्या पिढ्यान् पिढ्या इथे गेल्या, हिंदी आपल्या जिभेवर मराठीइतकीच आहे. पण पक्षाघातानंतर किंवा स्मरणशक्ती उतरणीला लागल्यावर काही जणांची हिंदी आधी जाते आणि उरते ती लहानपणची बोली. सांभाळायला आलेली बाई मन लावून काम करते, पण आजी "उकडतंय" म्हणाल्या की ती बटाटे उकडायला ठेवते! त्यावर आपण हसतो, पण आजींना हसू येत नाही. म्हणून आम्ही एक कागद तयार केला. उकडतंय म्हणजे गरमी हो रही है. मळमळतंय म्हणजे जी मिचला रहा है. पांघरूण, उशी, कूस बदल, भोवळ येतेय, असे वीसेक शब्द. लिपी तीच असल्यामुळे बाईला लगेच वाचता येतात. कागद पलंगाच्या उशाशी लावतो. त्याला खर्च काही नाही, आणि त्याच्याइतका उपयोग आमच्या दुसऱ्या कुठल्याही कामाचा झालेला नाही.

आमचे नियम थोडे आहेत आणि कडक आहेत. नेहमी दोघांनी मिळून जायचं. कोणाचं एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही, ओटीपी विचारायचा नाही, घरचे पैसे आपल्याजवळ ठेवायचे नाहीत. कागदावर सही करवून घ्यायची नाही. औषध स्वतःच्या मनाने सुचवायचं नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. आणि फोटो काढायचा नाही. या स्मरणिकेत आमच्या कामाचा एकही फोटो नाही, तो याच कारणाने. मदत घेतानाचा चेहरा हा त्या माणसाचा स्वतःचा असतो, मंडळाचा नसतो.

कोणी विचारतं, एवढ्याशा लोकांनी काय होणार? केरळातलं उदाहरण बघा. कोळिकोड आणि मलप्पुरमच्या भागात दीर्घ आजाराने घरी पडून असलेल्या रुग्णांसाठी शेजारपाजारच्या साध्या माणसांनी प्रशिक्षण घेतलं आणि आठवड्यातले काही तास द्यायला सुरुवात केली. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते काम इतकं पसरलं की २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. सुरुवात झाली ती ठरलेल्या तासांपासूनच.

आज आमच्यापुढे अडचण आहे ती माणसांची. आमच्यातलेच तिघे आता सत्तरीच्या पुढे आहेत. जिने चढताना त्यांना मधल्या पायरीवर थांबावं लागतं. नव्या घरांची नावं येतात आणि वहीत वाट बघत राहतात. वर्गणी आपले लोक उदारपणे देतात, त्याबद्दल आभारच मानतो. आज मागायला आलोय ते आठवड्यातले दोन तास. तेही वर्षभर जमत नसतील तर कबूल करू नका. तीन महिने जमत असतील तर तीनच महिने सांगा, पण त्या तीन महिन्यांत एकही वार चुकवू नका. वाट बघायला लावून न येणारं माणूस, मुळीच न येणाऱ्यापेक्षा जास्त दुखावतं.

आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी आमची वही ठेवलेली असेल. त्यात दोन रकाने आहेत. एकावर लिहिलंय 'मी जाऊ शकतो', दुसऱ्यावर 'माझ्याकडे या'. पहिल्या रकान्यात तरुण मंडळींची नावं यावीत ही इच्छा आहे. पण खरी विनंती आहे ती समोर बसलेल्या काका-काकूंना. दुसरा रकाना दरवर्षी जवळजवळ कोराच राहतो. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या पंगतीत वाढलंत. आता आपल्या पानावर कोणी वाढलं तर त्यात कमीपणा नाही. सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर आमच्यापैकी कोणाच्याही कानात सांगा. वार तुम्ही ठरवा, आम्ही येऊ.

गणपती बाप्पा मोरया!