उबेचें दान
(रौप्यमहोत्सवी सभेंतील भाषण)



आपल्या गोंदिया जिल्ह्याचा हिंवाळा विदर्भांत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. देवरी, सालेकसा या वनप्रदेशांत थंडीचा पहिला घाला म्हातारे व तान्हीं मुलें यांच्यावर पडतो. म्हणून लोकरीचीं पांघरुणें विणण्याविषयीं दोन शब्द बोलतों.

हें काम सर्वांच्या आवांक्यांतलें आहे. क्रोशाला एक सुई पुरते, विणकामाला दोन. एकेकीनें एकेक चौकोन विणावा आणि ते सांधून पांघरूण करावें. टाक्याटाक्यांत जी हवा अडकते, तीच ऊब राखते. म्हणून टाका फार आवळूं नये.

सहकार्याचें सामर्थ्य केवढें! ३१ जानेवारी २०१६ रोजीं चेन्नई येथें ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या महिलामंडळानें ११,१४८.५ चौरस मीटरांचें क्रोशाचें पांघरूण जोडून जागतिक विक्रम केला. मग तें उकलून त्याचे भाग गरजूंना वाटले. विक्रम एका दिवसाचा, ऊब अनेक हिंवाळ्यांची.

यापो येथील टबीथा वारली, तेव्हां विधवांनीं रडत रडत पेत्राला तिनें केलेलीं वस्त्रें दाखविलीं. तिच्याविषयीं दुसरी साक्ष लागली नाहीं.

तरी उरलीसुरली, कसर लागलेली लोकर दानाला नको. जें आपल्या लेकराच्या अंगावर घालूं, तेंच परक्याच्या लेकरासाठीं विणूं. पावसाळ्यांत आरंभ केला, तर दिवाळीपूर्वीं काम पुरें होईल. थंडी कोणासाठीं थांबत नाहीं.