सुटी आणि सम्यक स्मृती



डिसेंबर सरताना महाबळेश्वर पाहुण्यांनी भरून जाते. नाताळची सुटी त्यांची. हॉटेलांत राबणाऱ्या आपल्या माणसांना त्या दिवसांत रजाही मिळत नाही. तरी जमेल त्याने आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाड गाठायचे, ही आम्ही आमची हिवाळ्यातील यात्रा मानतो. 'यात्रा' हा शब्द काहींना खटकेल, खटकू द्या! नवस नाही, नारळ नाही, एवढाच फरक.

२५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेच्या मंडपासाठी जागा दिली ती फत्तेखान यांनी. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले: लुगडे आणि दागिने यांवरून जात ओळखू येईल असे राहू नका. आणि स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. केवढी क्रांती ती, निऱ्यांपासून सुरू झालेली!

तथागतांच्या अष्टांगिक मार्गातील सातवे अंग सम्यक स्मृती. एक स्मृती जाळली, ही दुसरी सांभाळायची आहे. ती जुन्या दुःखाची उजळणी नव्हे, आपण आत्ता काय करीत आहोत याचे भान आहे. महाडहून आणलेली तसबीर भिंतीला आणि सून मात्र सर्वांच्या मागून जेवायला, हे कसले स्मरण?

ज्यांना रजा नाही त्यांनी २५ तारखेला कामावरून परतल्यावर, कितीही उशीर होवो, मुलांना ती रात्र सांगावी. थंडीमुळे शेकोटी पेटलेली असतेच.