पोटऱ्यांतले गोळे आणि मॅग्नेशियमची बाटली

(महिला आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण)



मी टिपणं काढून आणली होती. पण मघाशी चहाच्या वेळी एकीनं पिशवीतून बाटली काढून विचारलं, “ताई, हे घेऊ ना?” तेव्हा आधी त्याच बाटलीबद्दल बोलते.

तिला सहावा महिना आहे. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, झोप लागत नाही. जाऊबाईंनी सांगितलं, मेडिकलवाल्यानं मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. साडेचारशे रुपये. मी विचारलं, सरकारी लोहाच्या गोळ्या घेतेस का? तर त्या डब्यात पडून आहेत. मळमळतं, शौचाला काळं होतं. फुकटच्या गोळीवर आपला विश्वास कमीच, हे मी वस्तीत रोज बघते.

मॅग्नेशियम शरीराला लागतं, यात खोटं काही नाही. स्नायू, नसा, हाडं, सगळ्यांना लागतं. गरोदर बाईला दिवसाला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम किंवा थोडं जास्तच. पण ते बाजरीत आहे, नाचणीत आहे, तिळात, शेंगदाण्यात, राजगिऱ्यात, डाळीत आणि पालेभाजीत आहे. तांदूळ पांढराशुभ्र करताना ते कोंड्याबरोबर जातं. भाकरी सोडून आपण पांढऱ्या भातावर आलो आणि आता तेच बाटलीतून विकत घेतो! अर्थात, ताटात उरलंसुरलं वाढून घेणाऱ्या बाईला ‘शेंगदाणे खा’ सांगणं सोपं आहे. घरात तिच्या वाटणीचे शेंगदाणे कोण ठेवतं, हा खरा प्रश्न.

गोळ्यांनी बाळाचं वजन वाढतं, दिवस पुरे भरतात, असं सांगतात. 2014 साली दहा अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत नऊ हजारांवर बाया होत्या. फायदा होतो असं म्हणायला पुरेसा भक्कम पुरावा मिळाला नाही. पोटऱ्यांच्या गोळ्यांसाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली म्हटलंय की बाईची इच्छा असेल तर मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम घेऊन बघता येईल. म्हणजे घेतलं तर गुन्हा नाही. पण डॉक्टरांना दाखवून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मनानं मुळीच नको. जास्त झालं की जुलाब होतात. गोळा आला की पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा, याला पैसे पडत नाहीत. एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली, तर तो साधा गोळा समजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. कॅल्शियमच्या दोन गोळ्या वेगळ्या वेळी. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायांचं रक्त कमी आहे, हे 2019-21 च्या सरकारी पाहणीतच आलंय.

आता दुसरं मॅग्नेशियम. काही वर्षांपूर्वी मी आठव्या महिन्यातल्या एका बाईबरोबर एका आरोग्य केंद्रात गेले होते. डोकं फुटेल असं दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे. दारातच तिला झटका आला. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन कपाटात होतं. नर्सबाई म्हणाल्या, “डॉक्टर नाहीत, मी कशी देऊ?” जीपमध्ये तिला आणखी दोन झटके आले. ती वाचली. बाळ नाही वाचलं.

मला नंतर कळलं, आणि याचा राग अजून गेलेला नाही, की झटके आलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, असा पहिला डोस नर्सबाईंनी द्यायची मुभा सरकारी सूचनांतच आहे. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजार बायांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेल्या बायांत या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. पण बाटलीतल्या गोळीनं हे काम होत नाही, ही गल्लत करू नका. गोळी घेते म्हणून रक्तदाब मोजायचा टाळू नका.

मागच्या बाकावर नर्सबाई यंत्र घेऊन बसल्यात. ज्यांच्या कार्डावर रक्तदाबाचा रकाना कोरा आहे त्यांनी आधी उठा. लघवीही तपासून घ्या. आणि आपल्या केंद्रात ते इंजेक्शन आहे का, मुदत संपलेली नाही ना, डॉक्टर नसताना ते कोण देणार, हे त्यांना आत्ताच विचारा. मी शेजारी उभी राहते.