प्रमाणपत्रानंतरचं मैदान

सकाळचा सराव आटोपून थेट इथे आलेल्या माझ्या प्रशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आभार एवढ्यावरच उरकते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना संध्याकाळी पाचला पुन्हा मैदान गाठायचं आहे.

आजच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन सत्रं आहेत. सकाळी ‘प्रशिक्षक घडवणाऱ्यांचं प्रशिक्षण’ आणि जेवणानंतर, म्हणजे डुलकीच्या वेळेला, ‘महिला प्रशिक्षकांचे प्रश्न’. माझ्या मते हा एकच विषय आहे आणि आज मला तेवढंच सांगायचं आहे.

परिषद नाशिकमध्ये भरली आहे, तेव्हा सुरुवात नाशिकच्याच बाईंपासून करू. २०१८ साली जाकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. आधीची दोन्ही सुवर्णपदकं, २०१० आणि २०१४ची, आपली होती. इराणने आपल्याला २७–२४ असं हरवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुली घडवल्या आणि उतारवयात परक्या देशात, परक्या भाषेत जाऊन संघ उभा केला. हा किस्सा आपल्या बैठकांत दोन तऱ्हांनी सांगितला जातो. कोणी म्हणतं, बघा, आपली बाई जिंकली. कोणी हळूच म्हणतं, आपल्याच विरुद्ध शिकवलं की! मला दोन्हींत रस नाही. माझा प्रश्न असा की शैलजाताईंना जे येत होतं, ते इथल्या किती तरुण प्रशिक्षिकांपर्यंत पोचलं? कोणत्या यंत्रणेने त्यांना विचारलं की ताई, आता मुली घडवणं पुरे, मुली घडवणाऱ्या दहाजणी आम्हाला घडवून द्या? अशी यंत्रणाच आपल्याकडे नाही, मग विचारणार कोण?

आपल्या मातीत ती कधीकाळी होती. तालमीत वस्तादाच्या डोळ्यांदेखत थोरला पठ्ठ्या धाकट्यांना ढाक शिकवायचा. पकड चुकीची सांगितली की वस्ताद तिथल्या तिथे टोकायचे. आपण शिकवताना आपल्याला कोणीतरी पाहतंय, हेच थोरल्याचं शिक्षण असायचं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४पासून जी परंपरा वाढवली, तिच्यातही शिक्षक घडवण्याला मोठं स्थान होतं. पुढे १९६१ साली पतियाळात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, अभ्यासक्रम आले, शरीरशास्त्र आलं, मानसशास्त्र आलं. ते हवंच होतं. पण कागद हातात आला आणि वस्ताद मात्र निघून गेला. तालमीचं दार बायकांना बंद होतं, हेही इथेच सांगून टाकते, नाहीतर कोणी म्हणेल बाई जुन्या काळाच्या प्रेमात पडल्या.

आज आपण प्रशिक्षकाला प्रमाणपत्र देतो ते मुलीची पाठवणी केल्यासारखं. अक्षता पडल्या, माहेरची जबाबदारी संपली. त्यानंतर त्या मैदानावर कोणी फिरकत नाही. फिरकलंच तर निकाल विचारायला.

कॅनडात १९७४पासून प्रशिक्षकांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तिथे वर्ग पूर्ण केलेला माणूस ‘प्रशिक्षित’ असतो, ‘प्रमाणित’ नव्हे. प्रमाणित व्हायचं तर मूल्यमापन करणारा त्याचं प्रत्यक्ष शिकवणं पाहतो. जपानमध्ये निप्पॉन क्रीडा विज्ञान विद्यापीठाने २०१४पासून प्रशिक्षक घडवणाऱ्यांसाठी वेगळी अकादमी चालवली आणि तिथे देशोदेशींची माणसं शिकून गेली. त्याच वर्षी प्रशिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या कामाचा आराखडाही प्रसिद्ध केला. म्हणजे मी काही नवलाचं सांगत नाही. जगात या कामाला स्वतंत्र कौशल्य मानतात. आपण मानत नाही, कारण आपली समजूत अशी की चांगला खेळाडू निवृत्त झाला की चांगला प्रशिक्षक होतो आणि चांगला प्रशिक्षक म्हातारा झाला की आपोआप प्रशिक्षकांचा गुरू होतो. दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि दुसरी जास्त महागात पडते.

हे काम असतं तरी कसं? कबड्डीचं एक मैदान डोळ्यांपुढे आणा. नवी प्रशिक्षिका घोट्याची पकड शिकवते आहे. मुली वीस, एक चढाई करतेय, एक पकडतेय, अठरा रांगेत उभ्या आहेत. ताई सतत बोलते आहे, कारण तिला वर्गात तसंच शिकवलं गेलं. आपल्यातला जुना माणूस तिथे गेला की काय करतो? पुढे होतो, शिट्टी घेतो, म्हणतो ‘सरक, मी दाखवतो’ आणि मस्त पकड करून दाखवतो. मुली टाळ्या वाजवतात. ताईची त्या मुलींसमोरची पत तेवढ्या दोन मिनिटांत जाते, आणि शिकवणं कसं सुधारायचं हे तिला कळलेलं नसतंच.

घडवणारा माणूस बाजूला बसतो. घड्याळ लावून पाहतो की तासाभरात एकेका मुलीला प्रत्यक्ष किती पकडी करायला मिळाल्या. ताई किती वेळा बोलली आणि बोलल्यावर खेळात काही बदललं का, ते टिपतो. मोबाईलवर पाच मिनिटांचं चित्रण करतो. सराव संपून मुली गेल्यावर आधी विचारतो, तुला काय दिसलं? मधेच खेळ थांबवलास तो का थांबवलास? उत्तर येईपर्यंत गप्प राहतो. हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड, आमच्या पिढीला तर फारच. मग दोघं मिळून पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवतात: चार-चारच्या पाच तुकड्या करायच्या. आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येतो. सगळं मोल या पुन्हा येण्याला आहे.

आता बायकांकडे वळते. रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षकांत स्त्रिया ११ टक्के होत्या, टोकियोत १३. टोकियोत खेळाडूंमध्ये मात्र जवळपास निम्म्या मुली होत्या. मुली खेळू लागल्या की त्यांच्यातूनच प्रशिक्षिका आपसूक निघतील, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत काय झालं ते पाहा. १९७२ साली ‘टायटल नाइन’ कायद्याने महाविद्यालयांत मुलींच्या खेळाला दार उघडलं. त्याआधी तिथल्या महाविद्यालयीन महिला संघांच्या दर दहा प्रशिक्षकांत नऊ स्त्रिया होत्या. कायद्यामुळे पैसा आला, पगार आले, प्रतिष्ठा आली, आणि त्यामागोमाग पुरुष आले. स्त्रियांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं आणि तिथेच रेंगाळलं. खो-खो आणि कबड्डीत लीगचा पैसा येऊ लागलेला असताना हा इतिहास आपण वाचायला हवा.

गैरसमज नको. २०२५च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते आणि त्यांनी ते काम उत्तम केलं. रणजीत धावांचे डोंगर रचूनही ज्याला भारताची टोपी मिळाली नाही, त्या माणसाला डावललं जाणं म्हणजे काय हे सांगावं लागत नसेल. पुरुषांनी मुलींना शिकवू नये असं मी म्हणत नाही. उलटा रस्ता का बंद, एवढंच विचारते.

आणि तो बंद असायलाच हवा असंही नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतलं, त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, त्याआधी सुमा शिरूर यांना मिळाला. अंजली भागवतांसह या तिघी २००४ला अथेन्सला एकत्र खेळल्या होत्या. नेमबाजीतच हे का जमलं? माझा तर्क असा, की तिथे गुण लक्ष्यावर छापून येतात, मतावर फार काही चालत नाही; आणि ज्येष्ठ खेळाडू रेंज सोडत नाहीत, म्हणून धाकट्यांना पाहायला, टोकायला कोणीतरी कायम असतं. वस्ताद तिथे टिकला आहे. गोव्याच्या मेमॉल रॉकी २०१७ साली भारतीय महिला फुटबॉल संघाच्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक झाल्या. पण एकेका नावावर आपण किती वर्षं टाळ्या वाजवणार?

बाई कुठे गळते ते आपल्याला ठाऊक आहे. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम, घरी तीन वर्षांचं मूल. सराव पहाटे सहाला आणि संध्याकाळी, म्हणजे नेमका डब्याच्या आणि स्वयंपाकाच्या वेळेला. मानधन असं की रिक्षाचे पैसे वजा जाता उरत नाही. मैदानावर स्वच्छतागृह नाही, आणि त्याबद्दल बोलायचं तर समितीत बाई नाही. निवड समितीचे खरे निर्णय होतात सामना संपल्यावर टपरीवर, आणि त्या वेळी ती बस पकडायला धावत असते. यातली एकही गोष्ट तिच्या आत्मविश्वासाशी संबंधित नाही. म्हणून महिला प्रशिक्षकांसाठी आत्मविश्वास वाढवण्याची शिबिरं भरवली जातात, तेव्हा मला हसू येतं.

२०२२ साली एका परदेश दौऱ्यावर खेळाडू मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सांगितलं की महिला खेळाडू असलेल्या पथकात महिला प्रशिक्षक हवीच. निर्णय योग्यच होता. पण त्याचं आपण गावपातळीवर काय केलं? संघासोबत एक बाई पाठवायची, खोल्यांच्या चाव्या आणि औषधांची पिशवी तिच्याकडे, डावपेच सरांकडे. कागदावर नियम पाळला गेला. तिला टाइम-आउटमध्ये बोलू दिलं का, हे कोणी तपासलं?

म्हणून मी म्हणते की विषय एक आहे. नव्या प्रशिक्षिकेला पहिले दोन हंगाम तिच्या मैदानावर येणारं, तिच्या बाजूने संघटनेत बोलणारं एक जाणतं माणूस मिळालं, तर ती टिकते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने हर्टफर्डशायर विद्यापीठासोबत महिला प्रशिक्षकांसाठी एकवीस महिन्यांचा कार्यक्रम आखला, त्यातही प्रत्येकीला तिच्या खेळातला मार्गदर्शक दिला जातो. ही माणसं आपल्याला तालुक्यातालुक्यात घडवावी लागतील. त्यांना मैदानावरच्या दर भेटीचे पैसे द्यावे लागतील, कारण फुकटची सेवा दुसऱ्या महिन्यात थांबते. त्यांतल्या निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि त्यांनी मुलांच्या संघांचे प्रशिक्षकही पाहायला हवेत. अभ्यासक्रमाचे आठवड्याआठवड्याचे तुकडे पाडा, पाळणाघराचा खर्च अंदाजपत्रकात धरा. गुणवत्ता खालावेल असं ज्यांना वाटतं, त्यांना माझी विनंती की आज न पाहता, न तपासता नेमलेल्या सरांची गुणवत्ता आधी मोजून दाखवा.

दुपारी ठराव येणार आहेत. मसुदा मी वाचला. ‘महिला प्रशिक्षकांना प्रोत्साहन देण्यात यावे’ असं एक वाक्य त्यात आहे. पुढे रक्कम नाही, मुदत नाही, कोण करणार त्या पदाधिकाऱ्याचं नाव नाही. जेवणाच्या सुट्टीत या तीन गोष्टी भरून आणा. नसतील भरल्या, तर तो ठराव मी मांडू देणार नाही. अध्यक्ष म्हणून तेवढा अधिकार मला आहे असं सरचिटणीसांनी कालच सांगितलंय. पहिलं सत्र सुरू करूया.